पाळकाचा पगार आणि आईच्या कुड्या

प्रिय मावशी, सलाम.

मी पुण्यात नर्स आहे. माहेर नगर जिल्ह्यात. आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ६० घरं आहेत. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, मंडळी महिन्याला ९,००० रुपये देते, आणि राहायला दोन खोल्या. तेवढ्यात भागत नाही म्हणून ते सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर काम करतात. यंदा पगार १६,००० करायचा विषय कमिटीपुढे आला, तेव्हा सगळ्यांत जास्त विरोध माझ्या पप्पांनी केला. ते म्हणतात, ‘पौल तंबू शिवायचा. प्रभूने सांगितलंय, फुकट मिळालं, फुकट द्या. पैशासाठी राबतो तो मेंढपाळ नाही, मोलकरी.’

आई मात्र वर्षभरापासून तालुक्याच्या गावी एका नव्या फेलोशिपला जाते. तिथले पास्टर सांगतात, ‘बीज पेरा, शंभरपट मिळेल.’ गुडघे बरे व्हावेत म्हणून आईने तिच्या सोन्याच्या कुड्या तिथे देऊन टाकल्या. पप्पांना हे माहीत नाही. तिथल्या पैशांचा हिशोब कुणी कधी पाहिलेला नाही. पाळकाला पैसे देणं बरोबर की चूक, हेच मला आता समजेनासं झालंय. मी स्वतः फ्लॅटसाठी पैसे साठवतेय, त्यामुळे दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, पूर्ण निघत नाही, तेही मनाला लागतं. मी कुठे द्यावं, आणि घरी काय बोलावं?

— तुमची एक वाचक

पोरी, सलाम.

मी पाळकाची मुलगी आहे, हे आधी सांगून टाकते. त्यामुळे या प्रश्नाकडे मला तिऱ्हाईतासारखं बघता येत नाही. तू ९,००० लिहिलंस आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरातली वाण्याची वही आली. पगार वरून यायचा आणि कधी दोन, कधी तीन महिने उशिरा यायचा. तेव्हा आई ती वही पिठाच्या डब्यामागे ठेवायची, कारण भेटायला आलेल्या मंडळीच्या लोकांना ती दिसलेली तिला चालत नसे.

आधी पप्पांचं बोलणं घेते. त्यांनी वचनं पुढे केली आहेत, तेव्हा उत्तरही वचनांतूनच द्यायला हवं. मोलकरी आणि मेंढपाळ यांच्यातला फरक योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. तिथे कसोटी लांडग्याची आहे. लांडगा आला की मोलकरी पळतो, कारण मेंढरं त्याला आपली वाटत नाहीत. तर मग पप्पांना एवढंच विचार, की २०२१ च्या कोविडमध्ये तुमच्या गावात मातीला कोण उभं राहिलं होतं? नातेवाईक लांब थांबले असताना प्रार्थना कुणी केली? तुमचे पाळकसाहेब तिथे होते, तर ते ९,००० घेऊनही मेंढपाळच आहेत, आणि १६,००० घेतले तरी मेंढपाळच राहतील. नव्हते, तर तो विषय वेगळा. पगार कमी ठेवून तो सुटणार नाही.

‘फुकट मिळाले, फुकट द्या’ हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं आठवं वचन. त्याच दमात पुढचं नववं आणि दहावं वचन वाचायला हवं. सोनं, चांदी, झोळी काही बरोबर घेऊ नका, कारण कामकऱ्याला त्याचं अन्न मिळणं योग्य आहे, असं प्रभू म्हणतो. म्हणजे सुवार्ता विकायची नाही, आणि ती सांगणाऱ्याला उपाशीही ठेवायचं नाही. एकाच श्वासात दोन्ही सांगितलं आहे. लूकच्या आठव्या अध्यायाची सुरुवातही त्यांना वाचून दाखव. योहान्ना, सुसान्ना आणि आणखी बऱ्याच बाया आपल्या पैशाअडक्याने प्रभूची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. गालीलभर सुवार्ता फिरली तेव्हा तिच्या भाकरीचा खर्च कुणीतरी केला, आणि तो करणाऱ्यांत बायका होत्या. मला या वचनाचा फार आधार वाटतो.

आता पौलाचे तंबू. पगाराची गोष्ट निघाली की हे तंबू प्रत्येक कमिटीत उभे राहतात. प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबूंचं काम करत होता, हे खरंच. पण त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय पप्पांनी सबंध वाचावा. शिपाई स्वतःच्या खर्चाने लढाईला जातो का? द्राक्षमळा लावणारा त्याचं फळ खात नाही का? मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका असं नियमशास्त्र सांगतं, ते काय फक्त बैलासाठी? एवढं सगळं मांडून तो स्पष्ट म्हणतो, की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी असं प्रभूनेच ठरवून दिलं आहे. आणि मग पुढच्या ओळीत म्हणतो, मी मात्र हा हक्क वापरला नाही.

ही ओळ फार जपून वाचायला हवी. हक्क त्याचा होता, म्हणून तो सोडणंही त्याच्याच हातात होतं. ‘तू तंबू शिवतोस ना, मग आम्ही काही देत नाही’ असं करिंथकरांनी ठरवलं नव्हतं. दुसऱ्याच्या वाटचा त्याग आपण ठराव करून मंजूर करू शकत नाही. मला पप्पांना सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

शिवाय करिंथमध्ये न घेणारा पौल मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरच्या मंडळीकडून घेत होता. त्यांनी पुन्हा पुन्हा पाठवलं आणि त्याने ते आनंदाने घेतलं, असं तो स्वतः लिहितो. करिंथमध्ये असतानाही मासेदोनियाहून भाऊ आले, त्यांनी त्याची गरज भागवली. प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात पाहिलंस तर ते आल्यावर पौल वचन सांगण्यात गढून गेला असं आहे. करिंथमध्येच तो इतका सावध का होता, याचं माझ्या समजुतीप्रमाणे कारण असं, की त्या श्रीमंत शहरात ज्याचं मीठ खावं त्याचा माणूस ठरायची वेळ यायची. त्याला कुणा एकाचा माणूस व्हायचं नव्हतं.

आपल्याकडची उदाहरणंही याच वळणाची आहेत. विल्यम केरी हा इंग्लंडहून आलेला मिशनरी, मूळचा चांभारकाम करणारा माणूस. त्याने मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापला. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा, पगार चांगला होता, आणि तो पगार श्रीरामपूरच्या मिशनच्या सामाईक पेटीत जायचा. (हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगरचं नव्हे.) नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोघांनी सोडलं ते स्वतःच्या मनाने. टिळकांचा पगार कमिटीने कापला असता, तर त्याला आपण आज त्याग म्हटलं नसतं.

एक गोष्ट मात्र पप्पांच्या बाजूने सांगते, कारण त्यांच्या पिढीचं हे बोलणं कुठून येतं ते मला माहीत आहे. आपल्या भागात कितीतरी वर्षं पाळकाचा पगार मिशनकडून, समुद्रापलीकडच्या पैशातून यायचा. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले, नगरच्या मिशनलाही त्यांनी भेट दिली. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला पाळक आपण पोसावा, हा त्यांचा आग्रह होता. तरी हाताला ती सवय लागायला फार काळ गेला. पगार ‘साहेब’ देतो म्हटल्यावर पाळक हा मंडळीचा माणूस न राहता मिशनचा नोकर झाला, आणि ‘पगारी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. पप्पांच्या तोंडी तोच जुना शब्द आहे. पण आता पैसे तुमच्या ६० घरांतून निघतात. आता तो नोकर कुणाचाही नाही, त्याला तुम्ही सांभाळता आहात.

आता माझ्या वडिलांची एक गोष्ट, जी मी आजवर लिहिली नव्हती.

पगार अडकला होता, त्या दिवसांत मंडळीतल्या एका तालेवार माणसाने आमच्या दारात गव्हाचं पोतं आणून टाकलं. चांगल्या मनानेच टाकलं असेल. त्या माणसाचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा विहिरीच्या पाळीवरून वाद होता. धाकट्यावर अन्याय झालाय हे गावाला माहीत होतं, आणि त्या रविवारी वडिलांचा विषय होता अहाब राजाने बळकावलेला नाबोथाचा द्राक्षमळा. वडिलांनी तो विषय बदलला. आम्ही मुलांनी त्या गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या. पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, त्यांनी मला सांगितलं, ‘त्या दिवशी मी पोत्याकडे बघून बोललो.’ हे सांगताना ते रडले. माझ्या वडिलांना मी एवढ्या एकाच गोष्टीसाठी रडताना पाहिलं.

म्हणून मी म्हणते, की पाळकाला ठरलेला, पुरेसा, वेळेवर मिळणारा पगार द्या. पगार पुरेसा नसला तरी पाळकाचं घर चालतंच, फक्त ते कुणाच्या तरी पोत्यावर चालतं. मग लहान भावाच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही.

आणि तुझ्या पत्रात तुझ्याही नकळत एक गोष्ट लिहिली गेली आहे. पाळकसाहेब सकाळी दुधावर, संध्याकाळी दुधावर. तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी त्यांनी घरी येऊन शेवटची प्रार्थना कधी केली? नहेम्याच्या तेराव्या अध्यायात हेच आहे. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवींना त्यांचा वाटा दिला गेला नाही म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले, आणि नहेम्याने अधिकाऱ्यांना विचारलं, देवाचं मंदिर असं का सोडलं? त्याने शेतावर गेलेल्या लेवींना दोष दिला नाही, जाब विचारला तो वाटा न देणाऱ्यांना. तुझ्या आईला तालुक्याच्या गावी काय मिळतं? मला वाटतं, तिथे कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिचं नाव घेऊन प्रार्थना करतं. गावातल्या पाळकाला त्यासाठी वेळ नव्हता, कारण तो वेळ तुमच्या कमिटीने ७,००० रुपयांना दुधाच्या केंद्राला देऊन टाकला होता. पप्पांना हे रागाने सांगू नकोस, पण सांग.

आता आई. तिच्यावर चिडू नकोस. तिने कुड्या दिल्या त्या देवाला दिल्या, तिच्या मनात तरी तसंच होतं, आणि त्या देण्याची थट्टा घरात कुणीही करू नये. चूक झाली ती मागणाऱ्याकडून.

अलीशा संदेष्ट्याच्या दोन गोष्टी आहेत, २ राजे पुस्तकात अगदी लागोपाठच्या दोन अध्यायांत. आईबरोबर बसून दोन्ही वाच. शूनेमच्या एका बाईने अलीशासाठी घरावर छोटी खोली बांधली. त्यात पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा ठेवला. अलीशा त्या खोलीत राहिला. त्याने घेतलं. पुढच्या अध्यायात अरामी सेनापती नामान कुष्ठातून बरा होतो आणि चांदी-सोनं, पोशाख असं पुष्कळ देऊ करतो. तिथे अलीशा शपथ घालून सांगतो, मी काहीही घेणार नाही. आणि त्याचा चाकर गेहजी मागे धावत जातो, खोटं सांगून दोन किक्कार (हे एक मोठं वजन) चांदी आणि दोन पोशाख घेतो, आणि नामानाचं कुष्ठ त्याला लागतं.

राहायला खोली, जेवायला भाकरी, रात्री वाचायला दिवा, हे देवाच्या माणसाने घ्यावं. बरं करण्याचे पैसे घेऊ नयेत. तुझ्या गावच्या पाळकाचा १६,००० पगार ही शूनेमच्या बाईची खोली आहे. गुडघ्यांसाठी मागितलेल्या कुड्या म्हणजे गेहजीची धाव आहे. तुझा गोंधळ झाला कारण दोन्हीकडे पैसा दिसतो.

शंभरपटीचं वचन मार्कच्या दहाव्या अध्यायातलं आहे, आणि तिथे त्याच वाक्यात ‘छळणुकीबरोबर’ असाही शब्द आहे, तो फलकावर कधी लिहिला जात नाही. मलाखीच्या पुस्तकातला दशांश आईच्या फेलोशिपचे पास्टर नक्कीच सांगत असतील. मग ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्यायही सांगायला हवा, जिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवीबरोबरच परक्याला, अनाथाला आणि विधवेला जेवून तृप्त व्हायला द्यायचा आहे. आणि गरीब विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दानपेटीत टाकलेल्या दोन लहान नाण्यांची, गोष्ट ऐकवून जे आयाबायांच्या कानातलं काढून घेतात, त्यांनी मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधीचं वाक्य वाचावं. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभू तिथे दोष देतो. ते सांगून झाल्यावर तो दानपेटीसमोर बसतो आणि ही विधवा येते. मला तर वाटतं, तिच्याकडे बघताना त्याचं मन भरून आलं असेल, आणि जळलंही असेल.

कुड्या परत मागायच्या का, हे आईने ठरवू दे. मी तुझ्या जागी असते तर आईबरोबर एकदा तिथे गेले असते आणि नम्रपणे पावती मागितली असती. पैशांचा हिशोब कोण लिहितं, वर्षाचा ताळेबंद कुठे बघायला मिळेल, एवढं विचारलं असतं. चांगला माणूस असेल तर त्याला राग येणार नाही. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेली माणसं बरोबर घेतली, आणि करिंथकरांना कळवलं, की आम्हांला प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही चोख राहायचं आहे. ‘हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास’ असं उत्तर मिळालं, तर आईला ते स्वतःच्या कानांनी ऐकू दे. तू समजावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पप्पांना कुड्यांबद्दल आईनेच सांगावं, पण त्या वेळी तू तिच्या शेजारी बस. आणि गुडघ्यांसाठी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तू नर्स आहेस, तुला याहून जास्त सांगायला नको.

हिशोबाचा नियम गावच्या मंडळीलाही लागू आहे, हे पप्पांना आवडेल. उपासना संपल्यावर अर्पण दोघांनी मिळून तिथेच मोजावं, दोन सह्या व्हाव्यात, महिन्याची जमा आणि खर्च दारातल्या फळ्यावर लागावा, पाळकाचा पगारही त्यात आकड्यासह लिहिलेला असावा. तुमची मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला हिशोब द्यावेच लागतात, मग स्वतःच्या माणसांपासून ते लपवायचे कशाला? पाळकाने पैशाला हात लावू नये आणि कोण किती देतं हे त्याला कळू नये. हंगामाच्या सणाला कोंबड्या-धान्याचा लिलाव होतो तो होऊ द्या, त्याची मजा वेगळी, पण महिन्याचं देणं बंद पाकिटात आणि बिननावाचं असू द्या. माझ्या वडिलांना त्या पोत्यावरचं नाव माहीत नसतं तर बरं झालं असतं.

आकडाही मांडून बघ. वाढ ७,००० रुपयांची आहे. ६० घरांवर वाटली तर एका घरामागे ११७ रुपये. पण सारखी वाटू नका. शेतमजुरीवर जाणाऱ्या घराने २० रुपये दिले तरी खूप झालं, शिक्षकाच्या, बँकेतल्या माणसाच्या घराने ५०० द्यावेत. आणि पगार वाढवताना आणखी दोन गोष्टी कमिटीपुढे ठेवायला पप्पांना सांग, कारण या कुणाच्या लक्षात येत नाहीत. एक, पाळकाच्या कुटुंबाचा आरोग्य विमा. दुसरी, पोस्टात त्यांच्या नावाने आरडी. दोन खोल्या मंडळीच्या आहेत. ज्या दिवशी ते निवृत्त होतील त्या दिवशी त्यांना घर नसेल. माझ्या आईने ५८ व्या वर्षी पहिल्यांदा भाड्याची खोली शोधली. आयुष्यभर शेकडो लोकांना जेवू घातलेल्या बाईला घरमालकाने विचारलं होतं, ‘उत्पन्न काय?’

तुझ्या फ्लॅटबद्दल मला फारसं सांगायचं नाही, कारण मला त्यात पाप दिसत नाही. प्रभूने एका तरुणाला सगळं विकायला सांगितलं, जकातदार जक्कयाने अर्धं दिलं आणि प्रभूने त्याला पुरे म्हटलं. जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियेला तर घर विकायला कुणी सांगितलं नाही, तिने ते पौलाला आणि भावांना उघडून दिलं. आणि हीच लुदिया फिलिप्पैत राहणारी. पौलाला पुन्हा पुन्हा पैसे पाठवणारी मंडळी तीच. ज्या श्रीमंताला देवाने मूर्ख म्हटलं, त्याने कोठारं बांधताना स्वतःशिवाय कुणाचाच विचार केला नव्हता. तू तर दशांश निघत नाही म्हणून झोप घालवते आहेस. पगारातून आधी जेवढं जमेल तेवढं बाजूला काढ, पाच टक्के तर पाच टक्के, आणि ते न चुकता दे. मोठा भाग गावच्या मंडळीला, म्हणजे पाळकाच्या पगाराला जाऊ दे. थोडा हातात ठेव. हॉस्पिटलमध्ये औषधाची चिठ्ठी हातात धरून उभी असलेली माणसं तुला रोजच दिसत असतील.

पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा शनिवारी जा. संध्याकाळचं दूध झाल्यावर पाळकसाहेब घरी येतात, त्या वेळी आईला घेऊन त्यांच्या दोन खोल्यांत जा. घरचं काहीतरी करून ने. पाळकीणबाईंशी बोल, त्यांना बोलायला कुणी नसतं, हे मी माझ्या आईवरून सांगते. आणि निघताना आईच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करायला सांग. पप्पा आले तर त्यांनाही बरोबर घे. सभा कधी आहे आणि काय ठरलं ते मला कळव, मी वाट बघते.

तुझी,
मावशी